क्लबहाऊस आधी की पाण्याच्या लाइनी? (एका लेखाला उत्तर)

तळटाकी:
काल इथे एक लेख वर आला. सोसायटीचा साठलेला निधी क्लबहाऊस, जिम आणि पोहण्याचा तलाव नव्याने करण्यात घालावा, कारण 'घर बघायला येणारा माणूस पाइप बघत नाही, लॉबी बघतो'. आणि पाण्याचं? 'कमी पडलं तर टँकर आहेतच.' तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला, तो आवरेना, म्हणून वेगळा धागा.

टँकर आहेतच! हे लिहिणाऱ्याने पहाटे गेटवर उभं राहून कधी टँकर उतरवून घेतलाय का? मी तीन वर्षं सेक्रेटरी होतो. पाणी कुठल्या बोअरचं हे ड्रायव्हरलाही माहीत नसतं. एकदा इतकं जड पाणी आलं की गीझरच्या कॉइलवर पांढरे थर बसले, आणि लोक मलाच बोलले.

आमच्या इमारतीतल्या जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) लाइनी २५ वर्षांच्या. बाहेरून रंग चकाचक, आतून गंजाने इतक्या भरल्यात की करंगळी जात नाही. दुरुस्तीत कापलेला एक तुकडा मी सर्वसाधारण सभेत टेबलावर ठेवला. सगळ्यांनी फोटो काढले आणि हात वर केले ते जिमसाठी.

दुसरी_विंग:
तो लेख माझाच. आणि काका, मी तुमच्याच सोसायटीत राहते. तो तुकडा मीही पाहिलाय. फोटो काढला नाही, हात मात्र वर केला होता.

का केला ते ऐका. माझे वडील रोज संध्याकाळी क्लबहाऊसच्या मागच्या खोलीत कॅरम खेळायचे. चौघं जण, आठ वर्षं. छत गळायला लागलं, कमिटीने कुलूप लावलं, 'पुढच्या बजेटमध्ये बघू' म्हणाले. त्या वेळी सेक्रेटरी कोण होतं ते मी सांगत नाही. चौघांपैकी दोघे आता घराबाहेरच पडत नाहीत. तुमची लाइन दहा वर्षांनीही बदलता येईल.

तळटाकी:
काका म्हणू नका. छताची फाइल माझ्या आधीच्या कमिटीत अडकली होती, मिनिट्स काढून बघा. आणि तुमच्या लेखात कॅरमची खोली एका ओळीत आहे, तलावाच्या टाइल्सवर तीन परिच्छेद. रिकामा पडलाय तो तसाच बरा. २५ बाय १० मीटरचा तलाव भरायचा आणि उन्हात उडून जाऊ द्यायचा, तेही लोक बादल्या भरून ठेवत असताना?

हौशी_प्लंबर:
दोघांच्याही मध्ये पडतो. तलावाचा पृष्ठभाग २५० चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर, म्हणून रोज १,२५० लिटर. फिल्टर उलटा धुताना जातं ते वेगळं.

आता आमची गंमत. वरची टाकी ६ बाय ४ मीटर, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की २४० लिटर गेले. रात्री १२ ते ४ पंप बंद ठेवून मी पट्टीने मोजलं. सगळे झोपलेले असताना टाकी ५ सेंटिमीटर उतरली. १,२०० लिटर. दिवसाचा हिशेब केला तर ७,२००, म्हणजे जवळजवळ सहा तलाव रोज उडतायत आणि कोणी पोहतही नाही.

मग घरोघरी फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकला. पंधरा मिनिटं फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेला. अकरा घरांत उतरला. त्यातलं एक घर चेअरमनचं.

तळटाकी, आधी मोजा, मग भांडा.

एकटी_सातव्यावर:
मोजायचंच तर मीटर लावा ना! मी एकटी राहते. आठवड्यातले चार दिवस गावी नसते. माझ्या खालच्या घरात सहा माणसं. पाण्याचा आकार दोघांना सारखा! शिवाय त्यांचा मुलगा रोज सकाळी पाइप लावून गाडी धुतो. बादली आणि फडकं माहीतच नाही त्याला.

सहा_माणसांचं_घर:
तुम्ही माझ्या इमारतीतल्या नसाल, तरी लागलं. आमच्याकडे सासूबाई अंथरुणावर आहेत, चादरी रोज धुवाव्या लागतात. त्याचंही युनिट मोजून बिल लावा. लिफ्ट तुम्ही सातव्या मजल्यापर्यंत वापरता, आम्ही तळमजल्यावर. लिफ्टचं वीजबिल सारखंच भरतो की. तिथे मीटर नको का?

एकटी_सातव्यावर:
लिफ्टचा इथे काय संबंध? आजारी माणसाचं पाणी कोणी काढतंय का? मी गाडीबद्दल बोलले.

सहा_माणसांचं_घर:
'सहा माणसं' आधी लिहिलंत, गाडी नंतर.

जुना_खजिनदार:
मीटरवाल्यांना एक प्रश्न. जुन्या इमारतीत घरात पाणी एका जागेहून येत नाही. स्वयंपाकघराची लाइन वेगळी, दोन्ही बाथरूमच्या वेगळ्या, बाल्कनीची वेगळी. चार जागी पाणी, म्हणजे चार मीटर. ८० घरं, ३२० मीटर. वाचायला कोण जाणार? बंद पडलेला कोण बदलणार?

आणि माणसं काय करतात तेही ऐका. फिरत्या चकतीच्या मीटरला अगदी बारीक धार कळत नाही. माझे एक नातेवाईक रात्रभर नळाची तार सोडून पिंप भरायचे आणि सकाळी मीटर जिथल्या तिथे बघून खूश व्हायचे. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक.

एकटी_सातव्यावर:
म्हणजे चोर हुशार आहेत म्हणून कुलूप नको? केपटाउनमध्ये २०१८ साली माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घालावी लागली होती. न मोजता घातली असेल का?

वाचनमात्र_होतो:
एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा १९६५ चा प्रबंध यावरच आहे. लॉस एंजेलिसजवळ भूजल उपसणारे सगळे आपापल्या विहिरी ओढत होते, समुद्राचं खारं पाणी आत यायला लागलं. शेवटी त्यांनीच एकत्र बसून कोणी किती उपसायचं ते ठरवलं. पुढे २००९ साली ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले आणि एकमेकांवर लक्ष ठेवलं तर सामाईक गोष्टी टिकतात, असं त्यांचं म्हणणं.

जुना_खजिनदार:
आमच्या सभेला कोरम भरत नाही. अर्ध्या तासाने तहकूब सभा घेतो तेव्हा सात जण असतात, त्यातले दोन चहाला आलेले. या सातांनी कोणावर लक्ष ठेवायचं?

भाडेकरू_तिसरा_मजला:
'वापरणाऱ्यांनी' हे छान आहे. मी नऊ वर्षं भाड्याने राहतोय. पाणी मी वापरतो, रात्री पंप बंद पडला की टॉर्च घेऊन मी उतरतो, आणि सभेत तोंड उघडलं की 'तुम्ही सभासद नाही'. मालक परदेशात. त्यांनी एकदा मत दिलं, तेही लॉबीतल्या झुंबरासाठी.

तळटाकी:
मंडळी, धागा लाइनींवर होता. मीटर, लिफ्ट, झुंबर, नोबेल सगळं येऊन गेलं. गंजलेल्या पाइपवर एकाने तरी बोला.

हौशी_प्लंबर:
बोलतो. वरच्या मजल्यांना धार बारीक येते ती गंजामुळेच असं नाही. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब. टाकीचा तळ तुमच्या शॉवरच्या ३ मीटरच वर असेल तर ०.३ बार मिळणार, पाइप सोन्याचा घातला तरी. तिथे छोटा प्रेशर पंप लागतो. सगळी लाइन बदलून वरच्यांची धार तेवढीच राहिली की पुढच्या सभेत तुमचं काही खरं नाही. मोजलंत का?

एकटी_सातव्यावर:
वरच्यांची धार हा विषय निघालाच आहे तर सांगते...

तळटाकी:
नको. मोजून येतो.

दुसरी_विंग:
चार दिवस झाले. काका?

तळटाकी:
मोजलं. पंप बंद करून रात्री दोन्ही टाक्या पट्टीने पाहिल्या. उतार नाही म्हटलं तरी चालेल. मनातल्या मनात जरा वाईटच वाटलं, खरं सांगतो.

पहाटे वॉचमनने पंप सुरू केला, मी खालीच उभा होतो. थोड्या वेळाने मागच्या भिंतीवरचा पावसाचा पाइप वाहायला लागला. आभाळ कोरडं. वर जाऊन पाहिलं तर टाकीचा ओव्हरफ्लो गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी कोणीतरी त्याच पाइपात जोडून दिलाय, आणि टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच मेलेला. वॉचमन अंदाजाने पंप बंद करतो. रोज पाऊण तास चांगलं पाणी थेट गटारात, आणि आपण टँकर बोलावतोय.

यावरून लाइनी चांगल्या आहेत असं सिद्ध होत नाही. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे.

दुसरी_विंग:
म्हणजे इतकी वर्षं एक स्विच? ते वॉटरप्रूफिंग कोणाच्या कमिटीत झालं होतं हो?

तळटाकी:
माझ्या. लिहिलं, आता वाचा दहा वेळा.

दुसरी_विंग:
वाचलं. टँकरचे जे वाचतील त्यात मागच्या खोलीचं छत होईल?

तळटाकी:
छत होईल. ठराव मी मांडतो, अनुमोदन तुम्ही द्या. तलाव नाही.

दुसरी_विंग:
टाइल्स तरी...

तळटाकी:
नाही.

एकटी_सातव्यावर:
आणि मीटरचं काय ठरलं?