दोन मुलांची अट आणि सरकारी लाभ: आपापले अनुभव इथे लिहा

धागाकर्ती

लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाल्यापासून आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकच विषय असतो. कुणाच्या घरात किती माणसं, आणि कुणाला काय मिळालं. बोलणं वाढलं की कुणीतरी म्हणतंच, "पोरं काढायची आणि सरकारवर सोडायची." हे वाक्य जिला ऐकवलं जातं, तिला किती मुलं हवी होती हे बहुतेक वेळा कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून हा धागा काढतेय.

आपल्या राज्यात मुलं मोजणं जुनं आहे. 1976 साली तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. मग सप्टेंबर 2001 पासून ग्रामपंचायत सदस्याला दोन अपत्यांची अट आली, 28 मार्च 2005 पासून सरकारी नोकरीला लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन, म्हणजे दोनपेक्षा जास्त मुलं नाहीत असं लिहून देणं आलं. आज 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा प्रजनन दर 1.7 आहे, म्हणजे सरासरी बाईला दोनही मुलं नाहीत. अटी मात्र आहेत तिथेच आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. लाभ जन्मलेल्या मुलाला मिळावा, ते कितवं आहे हे बघू नये. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही जरूर लिहा. फक्त स्वतः पाहिलेलं, भोगलेलं लिहा. गावाचं आणि अधिकाऱ्यांचं नाव नको.

अंगणवाडी सेविका, पालघर जिल्हा

मातृवंदना, म्हणजे बाळंतपणासाठी बाईला पैसे देणारी केंद्राची योजना, तिचे फॉर्म मी भरते. पहिल्या बाळाला 5,000, आणि 2022 पासून दुसरी मुलगी झाली तर 6,000. दुसरा मुलगा झाला तर काही नाही, तिसऱ्याचा तर प्रश्नच नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात मात्र प्रत्येक गरोदर बाईला किमान 6,000 असं लिहिलेलं आहे. आमच्या सुपरवायझर मॅडमनी एका प्रशिक्षणात ते वाचून दाखवलं, तेव्हा आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत राहिलो.

आमच्या पाड्यांवर पहिल्या खेपेला पोरगी कोवळी असते. आधारवर माहेरचं नाव, बँकेत खातं नाही, फॉर्म तिथेच अडकतो. कागद जुळेपर्यंत दुसऱ्याची चाहूल लागलेली असते. तिसऱ्या खेपेला तिचा एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) सातवर आलेला असतो आणि ती लावणीला वाकलेली असते. विश्रांतीसाठी पैशाची गरज तेव्हा सगळ्यात जास्त, आणि तेव्हाच ती यादीत नसते.

अमृत आहारात तसं नाही, हेही सांगते. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा बाईला एक वेळचं गरम जेवण मिळतं, कितवं बाळंतपण ते कुणी विचारत नाही. दवाखान्यात बाळंतपण केलं की पैसे देणाऱ्या जननी सुरक्षामध्येसुद्धा आधी दोनच बाळंतपणांची अट होती, ती 2013 मध्ये काढली. म्हणजे अट काढता येते. काढल्यावर आमच्याकडे बायकांनी जास्त मुलं जन्माला घातली असं मला तरी दिसलं नाही. दवाखान्यात मात्र जास्त जणी आल्या.

रेशन दुकानात मदतीला असणारा, जालना

माझा अनुभव उलट्या बाजूचा. अंत्योदयच्या पिवळ्या कार्डाला महिन्याला 35 किलो, घरात माणसं कितीही असोत. एक आजी एकट्या राहतात, त्यांना 35. पलीकडच्या आळीतलं नऊ माणसांचं घर, त्यांनाही 35. प्राधान्य कुटुंबाला मात्र माणशी 5 किलो. आता हिशोब करा: सात माणसांपर्यंत अंत्योदय बरं. आठवं माणूस आलं की प्राधान्यवाल्याला 40 मिळतात आणि त्याहून गरीब ठरवलेल्या अंत्योदयवाल्याला 35. नऊ माणसांच्या घरातली बाई थम लावून झाला की दर महिन्याला विचारते, "दादा, आमचं वाढलं का?" तिला काय सांगायचं?

आजींचं धान्य कमी करा असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडचं उरलेलं लेकीच्या घरी जातं, तिच्याकडे कार्डच नाही.

दोन मुलींवर थांबलेली आई, सातारा

ताई, तुमचं मत वाचलं. माझं वेगळं आहे, राग मानू नका.

2018 मध्ये दुसरी मुलगी झाली. सासरी मुलासाठी खूप आग्रह होता, तरी मी आणि नवऱ्याने ठरवलं की बस. तेव्हा माझी कन्या भाग्यश्री योजना होती. एका मुलीवर शस्त्रक्रिया केली तर 50,000, दोन मुलींवर केली तर प्रत्येकीच्या नावे 25,000. दुसरीच्या जन्मानंतर सहा महिन्यांत शस्त्रक्रिया व्हायला हवी होती. मी वेळेत केली, दाखला घेतला, मुलीबरोबर संयुक्त खातं उघडलं, सगळे कागद दिले. पैसे आले नाहीत. विचारायला गेलं की निधी नाही म्हणायचे. 2023 मध्ये लेक लाडकी आली, मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने 1,01,000 रुपये. पण 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलींसाठीच. माझ्या दोघी आधीच्या.

आता तुम्ही म्हणता अट काढा. मग आम्ही अट पाळली, पोटावर टाके घेतले, त्याचं काय? तिसऱ्याला पण सगळं मिळणार असेल तर आधी आमचं थकलेलं द्या.

आणखी एक. कागदावर "माता किंवा पिता यांपैकी एकाने" असं असतं. त्या दिवशी शिबिरात मी बघितलं, सगळ्या बायकाच होत्या.

आमच्याच जिल्हा परिषदेने 2007 साली "दुसरा मधुचंद्र" म्हणून योजना काढली होती. लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर 5,000, तीन वर्षं लांबवलं तर 7,500. माझ्या थोरल्या जाऊबाईंना ते मिळाले. त्या सांगतात, त्या दोन वर्षांत त्यांनी बारावी पूर्ण केली. अशा योजनेला माझा पाठिंबा आहे. त्यात कुणाच्या पोरावर तिसरा म्हणून शिक्का बसत नाही.

मी ते तिसरं अपत्य

सगळ्यांचं वाचलं. मी लातूर भागातला, माझा जन्म 2004 चा. माझ्या आधी दोन बहिणी.

आई तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होती, महिला राखीव जागेवर निवडून आलेली. पहिल्या वर्षी तिच्या सह्यांपुरतंच तिला बोलवायचे, बाकी सगळं वडील बघायचे. दुसऱ्या वर्षापासून ती स्वतः जायला लागली. प्रोसिडिंगचं बुक, म्हणजे सभेच्या नोंदींची वही, वाचून मगच सही करायची. आमच्या गल्लीतला हातपंप तिने ठरावात आणला, हे आजही शेजारी सांगतात.

मुलगा हवा हा निर्णय आजीचा आणि वडिलांचा. नियम घरात सगळ्यांना माहीत होता. वडिलांनी ठरवलं होतं की बाळंतपण मामाच्या गावी करायचं आणि नोंद मामा-मामीच्या नावावर घालायची. मुलगा झाला हे कळल्यावर आजीने ऐकलं नाही, नातू दुसऱ्याच्या नावावर लावू देणार नाही म्हणाली. नोंद खरी झाली. विरोधी पॅनलच्या माणसाने जन्माचा दाखला काढला आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. आई अपात्र ठरली. अपील करायला पैसे नव्हते.

तिच्या जागी जी पोटनिवडणूक झाली, त्यात वडिलांनी आपल्या चुलतभावाच्या बायकोला उभं केलं. वडिलांचं काही गेलं नाही.

हरियाणातली अशीच अट सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये वैध ठरवली. 2018 मध्ये तर असंही सांगितलं की मूल दत्तक दिलं तरी ते मोजलं जाणार. कायद्याच्या बाजूने ते बरोबर असेल. पण मी लहानपणापासून "तुझ्या पायी आईचं पद गेलं" हे ऐकत मोठा झालो. आंध्र प्रदेशाने 2024 मध्ये ही अट रद्द केली, ती बातमी मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आता कशाला?" आणि मग थोड्या वेळाने विचारलं, "आपल्याकडं कधी काढणार?"

निवृत्त एएनएम (आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका), बीड

बाळा, तुझं वाचून वाईट वाटलं. पण मला दुसरी बाजूही मांडायचीच आहे, कारण ती मी नोकरीभर पाहिली.

शिक्षक, तलाठी, पोलीस यांच्या घरातल्या सुनांना 2005 च्या नियमाने मोठा आधार दिला. "मला आता मूल नको" हे सासूपुढे चालायचं नाही. "तिसरं झालं तर ह्यांची नोकरी जाईल" हे चालायचं. कितीतरी जणींनी मला गुपचूप सांगितलं, सिस्टर, या नियमामुळे सुटले. म्हणून ही अट निव्वळ वाईट आहे असं माझ्याने म्हणवत नाही.

पण दोनच हवीत आणि त्यातला एक मुलगाच हवा, हे दोन्ही एकत्र आलं की काय होतं तेही याच जिल्ह्याने पाहिलं. 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. दुसऱ्या खेपेला नोंदणी करून गेलेली बाई मधेच महिनाभर दिसायची नाही आणि परत आली की पोट रिकामं असायचं. विचारलं तर "पडलं" म्हणायची. मला कळायचं. तिच्या डोळ्यांकडे बघवत नसे.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना तर यातलं काहीच लागू नव्हतं. नोकरी नाही, निवडणूक नाही, योजनेचा कागद करायला गावात असतात कधी? तिथे मोठी पोर धाकट्याला सांभाळते म्हणून कोयता चालतो. त्यांच्या मुलांची संख्या कमी झाली ती हंगामी वसतिगृहामुळे, पोरी शाळेत टिकल्यामुळे, लग्न दोन वर्षं पुढे गेल्यामुळे. हे मी पैजेवर सांगते.

पुण्यातला एक करदाता

सगळ्यांबद्दल आदर ठेवून लिहितो. आम्ही एकावर थांबलो, कारण शाळेची फी आणि घराचा हप्ता यांतून दुसऱ्याचा विचारच करता आला नाही. आमच्या करातून इतरांच्या तिसऱ्या-चौथ्यासाठी पैसे का जावेत, हा प्रश्न मला पडतो आणि तो विचारणं चूक नाही.

धागाकर्ती

प्रश्न चूक नाहीच, दादा. तुम्हाला दुसरं मूल परवडू नये हीसुद्धा धोरणाचीच गोष्ट आहे आणि त्यावर तुम्ही वेगळा धागा काढलात तर मी पहिली येईन. मला एवढंच विचारायचंय: तिसरं मूल जन्माला आलेलं आहे, ते आता पाच वर्षांचं आहे. त्याचं दूध बंद करून कोणता निर्णय मागे जाणार आहे?

अनुकंपाच्या प्रतीक्षेत नसलेली

नाव असं का, ते सांगते. नवरा सरकारी नोकरीत असताना गेला. मला वाटलं अनुकंपावर, म्हणजे गेलेल्या कर्मचाऱ्याच्या घरच्याला देतात त्या नोकरीत, शिपायाची तरी जागा मिळेल. 31 डिसेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर कुटुंब अनुकंपाला पात्र नाही, असा शासन निर्णय आहे. माझं तिसरं 2003 चं. प्रतीक्षायादीत नावच लागलं नाही. कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, त्यावर तिघांची शिक्षणं केली. तीन लेकरांच्या विधवेला नोकरीची गरज दोन लेकरांच्या विधवेपेक्षा कमी कशी, हे मला कुठल्याच टेबलावर कुणी समजावून सांगितलं नाही.

इंग्लंडहून, शाळेत सहायक शिक्षिका

मूळची कोल्हापूरची. इथेही हाच वाद नऊ वर्षं चालला. एप्रिल 2017 पासून युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना सरकार देतं त्या मदतीत, मुलांसाठीची जी रक्कम असते, ती पहिल्या दोघांपुरतीच केली. चाइल्ड बेनिफिट सगळ्या मुलांना होतं, पण घर चालतं ते मुख्य रकमेवर. बलात्कारातून झालेल्या मुलाला अपवाद होता, म्हणजे आईने ते फॉर्ममध्ये लिहून द्यायचं. त्यावर खूप संताप झाला होता. जन्मदर काही फारसा हलला नाही, हे इथल्या संशोधकांनी दाखवलं. वाढली ती तीन मुलांच्या घरांतली गरिबी. नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा काढायचं ठरलं, एप्रिल 2026 पासून.

माझ्या वर्गात सोमवारी सकाळी भुकेने डोकं बाकावर टेकणारी मुलं असतात. कितवी आहेत ते त्यांच्याकडे बघून कळत नाही. टीव्हीवरच्या चर्चेत मात्र "परवडत नाही तर जन्म कशाला दिला" हेच वाक्य, अगदी आपल्या पारावरच्या सारखं.

एकत्र कुटुंबातली मधली सून, नांदेड

माझं ताजं आहे. आमच्या एका पिवळ्या कार्डावर सासू-सासरे, दोन दीर, आम्ही, जावा, मुलं असे बारा जण. लाडकी बहीणला सासूबाई, मी आणि दोन्ही जावा अशा चौघींनी फॉर्म भरले होते, 1,500 येत होते. ई-केवायसीमध्ये कबूल करायचं होतं की कुटुंबात एकच विवाहित आणि एक अविवाहित महिला लाभ घेते. घरात चार दिवस अबोला. शेवटी ठरलं की कार्ड विभक्त करायचं.

धाकट्या जावेने तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणला, नवं कार्ड काढलं. कार्ड आलं केशरी. त्यावर धान्य नाही, कारण तालुक्याचा इष्टांक (किती जणांना धान्य द्यायचं ती ठरलेली संख्या) भरलाय म्हणे, कुणाचं नाव कमी होईल तेव्हा बसवू. मुळात 35 किलोत बारा जण होतो, ते आठ झाले, आम्हाला जरा पुरतंय. तिच्या चौघांना मात्र आता एक दाणा येत नाही. 1,500 मधले निम्मे तर गहू-तांदळातच जातात.

जालन्याच्या दादांना विचारायचं होतं: इष्टांकासाठी अर्ज पुरवठा निरीक्षकाकडे द्यायचा की ऑनलाइन? आणि पोच कुणाची घ्यायची?