प्रवासात लोकर कमी पडली तेव्हा : आपले अनुभव लिहा

मागच्या जानेवारीत पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मूला जाताना यजमानांचा स्वेटर गाडीतच पुरा करायचा, असे मी ठरवले होते. पाठ आणि पुढचा भाग घरीच झाले होते. परंतु दुसरी बाही कोपरापर्यंत आली आणि पिशवीत पाहते तो शेवटचा गुंडा लिंबाएवढा उरलेला. त्याच रात्री गाडी लुधियानाला थांबली. लोकरीचे आणि होजिअरीचे एवढे मोठे शहर, आणि मी फलाटावर चहाचा पेला धरून उभी! जम्मूत तोच मरून रंग मिळाला, मात्र लेबलावरचा लॉट क्रमांक (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) वेगळा होता. दुकानातल्या दिव्याखाली फरक कळला नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात पाहिले, तर बाहीवर कोपरापासून खाली जणू दुसराच स्वेटर सुरू झाला होता. घराबाहेर असताना आपल्यावर असा प्रसंग आला असल्यास काय केलेत, ते सविस्तर लिहावे.

*

ताई, चकल्यांचा प्रत्येक घाणा जसा थोडा वेगळ्या रंगावर उतरतो, तसेच लोकरीचे असते, म्हणून तर लेबलावर लॉट छापतात. मलाही नैनीतालला हेच भोगावे लागले होते. मी चार बोटे विणकाम उसवले आणि तेवढ्या भागात जुन्या लोकरीच्या दोन ओळी, नव्या लोकरीच्या दोन ओळी असे आलटूनपालटून विणले, त्यामुळे सांधा पुष्कळसा विरघळला. जुनी लोकर पार संपवून बसल्यास हा मार्ग राहत नाही.

*

माझी अडचण रंगाची नव्हती. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले असताना नातवाच्या स्वेटराची लोकर संपली. तिथल्या दुकानात मिळालेल्या लोकरीवर ८ नंबरची सुई लिहिली होती. माझ्याकडेही ८ नंबरच्याच सुया होत्या, म्हणून मी निर्धास्तपणे टाके घातले. वीतभर विणून झाले तेव्हा ते पायपुसण्यासारखे ताठ झाले होते. आपल्याकडे जुने ब्रिटिश क्रमांक चालतात, ज्यात ८ म्हणजे ४ मिलिमीटर आणि आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. अमेरिकेतली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते आणि तिथे आकड्याबरोबर जाडी वाढते. तेव्हापासून परदेशात मी क्रमांक विचारत नाही, मिलिमीटर विचारते. (जावयांनी ते पायपुसणे जपून ठेवले आहे, हे निराळे.)

*

सासूबाईंच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेला पंधरा दिवस राहिले होते. त्यांच्या खाटेशी बसून मफलर विणत होते. लोकर संपत आली, पण त्यांना सोडून बाजारात जाणे शक्य नव्हते. उरलेला धागा मधोमध दुमडून तिथे सैल गाठ मारली आणि एक ओळ विणली. ओळ संपेपर्यंत गाठ सुईवर आली नाही, तर आणखी एका ओळीपुरती लोकर आहे, असे समजायचे. टाके बंद करण्यासाठी मफलरच्या रुंदीच्या निदान चौपट धागा राखून ठेवला. सासूबाई पडल्या पडल्या गाठीवर लक्ष ठेवून होत्या आणि एका ओळीला त्यांनीच मला थांबवले. शेवटी वीतभर धागा उरला, तो टोक आत ओवायलाच लागला.