दाबाचा सेल लहान करा म्हणे! पण आतला दाब किती, हे कोण सांगणार?

शून्याजवळ: नमुना दाबाखाली, थंड करून चुंबकात तपासायचे सेल, त्यांच्यावर काल इथे एकाने ठासून लिहिलं, "पिस्टन-सिलिंडर सेलचे दिवस संपले. चुंबकाच्या बोअरमध्ये (मधल्या भोकात) मावणारा, दोन हिऱ्यांमध्ये नमुना दाबणारा छोटा सेल घ्या, सगळे प्रश्न मिटतात." नाही मिटत! जाड सिलिंडरच्या भिंतीतला ताण बाहेरच्या आणि आतल्या व्यासाच्या गुणोत्तरावर ठरतो. म्हणजे पिस्टन सेलही निम्म्या मापाचा करता येतो, दाब तेवढाच झेलतो. निम्म्या होत नाहीत त्या वायरी. बारा वायरी फीडथ्रूतून (सेलच्या सीलबंद छिद्रातून) काढल्या, दाब मोजायला शिशाचा तुकडा ठेवला, की नमुन्याला जागाच उरत नाही. हिऱ्यांच्या सेलमध्ये तर नमुना केसाच्या जाडीचा. त्यावर चार तारा चिकटवून दाखवा, मग बोलू.

हिरकणी: मीच लिहिलं होतं ते. आणि चिकटवल्यात मी तारा, बऱ्याचदा. तुम्ही पल्स्ड मॅग्नेटमध्ये कधी सेल घातलाय का? चुंबकीय क्षेत्र तिथे मिलिसेकंदांत चढतं, धातूत एडी करंट (भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह) फिरतात. व्यास दुप्पट झाला की तेवढ्याच धातूत चौपट उष्णता. सेलचा बेरिलियम-कॉपरचा (मिश्रधातूचा) ठोकळा तिथे शेगडी होतो. लहान सेल ही माझी हौस नाहीये.

जुना क्रायोस्टॅट: थोडं अवांतर. लहान-मोठा राहू द्या, दाब मोजता कुठे? खोलीच्या तापमानाला सेलमधल्या माणकाच्या चकाकीवरून दाबाचा आकडा लिहिणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. पिस्टन सेलमध्ये दाब पोचवायला डॅफ्नी ७३७३ तेल वापरलं तर थंड होईपर्यंत ०.१५ ते ०.२ गिगापास्कल दाब उतरतो. म्हणून मी शिसं वापरतो (ते अतिवाहक होण्याचं तापमान, म्हणजे संक्रमण, दाबाने खाली सरकतं), आणि त्यानेच मला तीन आठवडे रडवलंय. चुंबक शून्यावर आणला, पण आत ५ मिलिटेस्ला शिल्लक होतं. शिशाचं संक्रमण तेवढ्याने ०.२ केल्विन खाली येतं. एका गिगापास्कलला ते सुमारे ०.३७ केल्विन सरकतं, म्हणजे अर्ध्या गिगापास्कलची चूक! सगळे आलेख पुन्हा काढले.

हिरकणी: हा चुंबकाचा दोष, सेलच्या माथी कशाला मारता? क्षेत्र उलटसुलट फिरवत शून्यावर आणायचं, एवढं साधं आहे.

जुना क्रायोस्टॅट: साधं? पिस्टन टंगस्टन कार्बाइडचा, त्यातले कण बांधणारा बाइंडर कोबाल्ट. तो चुंबकित होऊन बसतो. आणि सेल जितका लहान, तितका पिस्टन शिशाच्या जवळ. आधी स्वतःचा सेल उघडून बघा, मग शिकवा.

लेथवाला: भांडा तुम्ही. आमच्याकडे ड्रॉइंग येतं ते सिलिंडरचा आतला बोअर फायनल मापाचा दाखवून. बेरिलियम-कॉपर कडक करायला ३१५ अंशाला दोन-तीन तास भट्टीत ठेवलं की किंचित आकसतं. पिस्टन तोंडाशीच अडतो आणि बोलणी आम्ही खातो. घासायला माल ठेवा, बोअर भट्टीनंतर लॅप करू, म्हणजे बारीक घासून मापात आणू. आणि कोरडं घासायला सांगू नका, ती धूळ फुप्फुसात जाते.

हिरकणी: कोबाल्टचं खरं आहे, मानते. माझ्या सेलमध्ये हिऱ्यांखालच्या बैठकी कार्बाइडच्याच आहेत. हे मला आधी सुचायला हवं होतं. पण सेल लहानच हवा, त्यावर मी ठाम आहे.

शून्याजवळ: पल्स्ड मॅग्नेटपुरता हवा, नाइलाजाने मान्य. स्थिर क्षेत्रात मी पिस्टन सेल सोडणार नाही. शिसं नमुन्याला खेटून ठेवीन आणि चुंबक पहिल्यांदा चढवण्याआधीच मोजून घेईन. लेथवाले, नवं ड्रॉइंग उद्या पाठवतो, बोअरमध्ये माल ठेवून.