मदत हवी आहे: पॉवरलाइन अ‍ॅडॅप्टरच्या यादीत तिसरेच यंत्र दिसते आहे

आमच्या जुन्या इमारतीच्या जाड दगडी भिंतींमुळे मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही. भिंत फोडायला घरमालक तयार नाहीत, म्हणून पॉवरलाइन अ‍ॅडॅप्टरची जोडी घेतली. बॉक्समधून काढून सॉकेटमध्ये खोचली आणि विजेच्या तारांवरून नेट सुरू झाले. एक्स्टेन्शन बोर्डवर रडतखडत चालते, भिंतीतल्या सॉकेटवर मात्र उत्तम.

काल लॅपटॉपवर कंपनीचे सॉफ्टवेअर टाकले, तर यादीत तीन मॅक पत्ते (प्रत्येक यंत्राचा नेटवर्कवरचा ओळखक्रमांक)! दोन्ही अ‍ॅडॅप्टरच्या मागची लेबले वाचून ताडून पाहिली, तिसरा आमचा नाही. रात्री उशिरा तो गायब होतो, सकाळी परत हजर.

मी घरून लोकांची जीएसटीची कामे करते, सगळ्या फायली नेटवर्क डिस्कवर (घरच्या नेटवर्कवरून उघडता येते अशा डिस्कवर) आहेत. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत हो, रात्री झोप लागली नाही. मधे मीटर असताना सिग्नल शेजारी जातोच कसा? आणि तो माणूस नेमके काय काय बघू शकतो? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, मीटर हा सिग्नल अडवत नाही. वीज 50 हर्ट्झची, हा सिग्नल साधारण 2 ते 30 मेगाहर्ट्झचा. मीटरमधून जाताना तो क्षीण होतो, पण जुन्या इमारतीत मीटर एकाच बोर्डावर असले की शेजारी सहज पोचतो.

होमप्लग एव्ही या पॉवरलाइन अ‍ॅडॅप्टरच्या मानकात 128 बिटांचे एईएस एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करून पाठवण्याची पद्धत) असते, ते चांगलेच आहे. घोळ पासवर्डचा आहे. कारखान्यातून निघताना बहुतेक यंत्रांना एकच ठरलेला पासवर्ड असतो. शेजाऱ्यांनीही बदलला नसेल, तर त्यांनी तुमच्या राउटरला केबल खोचल्यासारखेच झाले. त्यांना कदाचित याचा पत्ताही नसेल.

आधी डिस्क बंद करा. मग दोन्ही अ‍ॅडॅप्टरचे पेअर बटण दहाएक सेकंद दाबून धरा, म्हणजे बहुतेक मॉडेल जुने नेटवर्क सोडतात. नंतर एकाचे बटण क्षणभर दाबा आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचे. त्या ठरलेल्या पासवर्डऐवजी तुमच्या जोडीपुरती नवी गुप्त किल्ली (की) तयार होईल. यादी पुन्हा बघा. राउटरचा आणि डिस्कचा पासवर्डही बदला. जिन्यातल्या सॉकेटला अ‍ॅडॅप्टर लावू नका, बटणापर्यंत हात पोचला की कोणीही जोडला जाऊ शकतो.

धागाकर्ती

केले, तिसरा पत्ता गेला! मनापासून आभार. मजल्यावर सगळ्यांना सांगते, त्यांचीही यंत्रे अशीच उघडी असतील. आता एकच: आधी कोणी फायली उघडल्या होत्या का, हे डिस्कच्या लॉगमध्ये कुठे दिसेल?