अनुभव लिहा: चर्चच्या मंडळीची मदत, पोचलेली आणि न पोचलेली

मी नाशिकच्या शरणपूर रोडची. आजी सांगायची, आपल्या वस्तीच्या नावातच 'शरण' आहे, दारी आलेल्याला माघारी लावायचं नाही. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1850च्या दशकात ही वस्ती वसवली. अनाथ मुलं आली, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही आली. त्यांना जेवू घातलंच, शिवाय सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. त्यांतला जेकब वेनराइट 1874 साली, आफ्रिकेत शोधमोहिमा काढणाऱ्या लिव्हिंग्स्टनच्या शवासोबत इंग्लंडला पोचला. पोरांच्या हातात कामाची अवजारं दिली, याचं मला फार मोल वाटतं.

गेल्या नाताळात आमच्या महिला मंडळानं गोदाघाटावर ब्लँकेटं वाटली. एका आजींनी घेतलंच नाही. म्हणाल्या, "बाई, तीन झाली. ठेवू कुठं? टाचा फुटल्यात, चालवत नाही. त्याला काही आहे का?" माझ्या पर्समध्ये व्हॅसलीनची छोटी डबी होती, ती दिली. त्या तिथंच पायरीवर बसून टाचांना चोळायला लागल्या. तेव्हापासून मनात घोळतंय, की आम्ही आधी कुणाला विचारलंच नव्हतं.

तुम्ही केलेली किंवा तुम्हाला मिळालेली मदत, दोन्ही लिहा. नावं नकोत. किती रुपये दिले तेही नको.

सातपूरहून

मी घेणाऱ्यांतला. वडिलांना टीबी झाला, तेव्हा मी नववीत होतो. कंपनीतलं काम कंत्राटी, ते लगेच गेलं. चर्चच्या व्हिन्सेंट दी पॉल संस्थेचे दोन काका दर रविवारी यायचे. ही संस्था 1833 सालची, पॅरिसची, आणि घरी जाऊन भेटणं ही तिची मूळ रीत, हे मला खूप नंतर कळलं. चाळीतले लोक दारातूनच बोलायचे. हे काका खाटेवर, वडिलांच्या पायाशी बसायचे. गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन किती राहिल्या ते मोजायचे. सरकारचे पोषणाचे महिना 500 रुपये तेव्हा मिळायचे, पण आमच्या खात्यात येत नव्हते. खातं जोडायला दोनदा बँकेत आले. सहा महिने एकही रविवार चुकला नाही. आम्ही बौद्ध. चर्चला या, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. वडील बरे झाले, आता वॉचमन आहेत.

नाशिकरोड

आमच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. या वर्षी एकच पपई तीनदा विकली गेली, घेणारा पुन्हा अर्पण करायचा. त्या पैशांतून दोन मुलींची नर्सिंगची फी भरली.

दिंडोरी भागातून

द्राक्षांच्या हंगामात आमच्याकडे सुरगाणा-पेठहून मजूर येतात. विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) करत बागेतच पालं टाकून राहतात. आम्ही दर नाताळात खाऊ घेऊन जायचो, गाणी म्हणायचो, परत यायचो. दोन वर्षांपूर्वी एक बाई म्हणाली, "दादा, खाऊ नको, आमचं रेशन गावाला पडून राहतं त्याचं बघा."

खरं तर त्यांचं कार्ड इथंही चालतं. पण दुकानदार म्हणायचा, गावाला जाऊन घ्या. आमच्या चर्चचे पाळकसाहेब स्वतः तिच्याबरोबर जाऊन उभे राहिले, तेव्हा त्यानं बोटाचा ठसा घेणारं मशीन पुढं केलं. आता बाईचं बोटच उमटेना! डिपिंग करून करून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. पाच वेळा पुसून लावलं. ती रडवेली झाली. मग कार्डावरच्या कुणाचंही बोट चालतं हे आमच्या एका पोरानं सांगितलं. तिची मुलगी पालावर होती, तिला मोटरसायकलवर आणलं. पहिल्याच वेळी उमटलं. माणशी 5 किलोप्रमाणे धान्य मिळालं. त्या महिन्यात अजून अकरा कुटुंबांचं काम झालं. खाऊ अजूनही नेतो, पोरं वाट बघतात.

निवृत्त परिचारिका, पंचवटी

कुणाला वाईट वाटेल, तरी लिहिते. आधी अर्धा तास प्रवचन आणि मग पुलाव, हे मी आपल्याच लोकांना करताना पाहिलंय. पोरं भुकेनं चुळबुळत होती. मला तेव्हा शरम वाटली. बायबलातल्या दयाळू शोमरोन्याच्या गोष्टीत तो वाटेत पडलेल्या जखमी माणसाची जात-धर्म विचारत नाही. तेल-द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, पैसे देतो. आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असं सांगून जातो. आम्ही परत कुठं जातो? वाटप झालं, फोटो झाला, पुढच्या नाताळापर्यंत सुट्टी.

धागा काढणारी

ताई, वाईट नाही वाटलं. ब्लँकेटांचा फोटो मीही टाकला होता, काल काढला.

दिंडोरीच्या दादांना विचारायचंय, दुकानात जाताना मजुरांनी आधार आणि रेशनकार्ड दोन्ही बरोबर ठेवावं ना? आमच्या मंडळातल्या तिघी शनिवारी गिरणारेकडच्या बागांवर जाणार आहोत. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. सकाळी सातला चर्चच्या फाटकाशी या. खोबरेल तेल आणि टाचांचं मलम घेतलंय. आधी गोदाघाटावरून जाऊ.