निवृत्त कर्नलसाहेबांना सल्लागार म्हणून घ्यावे का?

प्रश्न (गणवेश उत्पादक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर):
आम्ही शाळांचे गणवेश शिवतो. यंदा प्रथमच सैन्याच्या कापडी सामानाच्या निविदेत उतरायचा विचार आहे. ओळखीतून एक कर्नलसाहेब भेटले, त्यांना निवृत्त होऊन आठ महिने झाले आहेत. दरमहा मानधन आणि काम मिळाल्यास टक्केवारी, अशी त्यांची मागणी आहे. "कागद कोणत्या टेबलावर अडतो ते मला ठाऊक आहे," असे ते म्हणाले आणि तेव्हापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. वडिलांचा फौजेतल्या माणसावर पूर्ण विश्वास आहे. यात कायद्याची अडचण येते का?

उत्तर १ (वकील):
येते, आणि दोन ठिकाणी येते. कर्नल व त्यावरील हुद्द्याच्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात खासगी नोकरी किंवा सल्लागारी घ्यायची असल्यास सरकारची पूर्वपरवानगी लागते. ती त्यांनी घेतली आहे का, हे आधी विचारा. दुसरी अडचण टक्केवारीची आहे. काम मिळवून देण्यासाठी कोणाला कमिशन दिलेले नाही, असे संरक्षण खरेदीत विक्रेत्याला लिहून द्यावे लागते आणि ते खोटे ठरले तर करार रद्द होऊ शकतो. अमेरिकेत लॉबिंग, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूने वळवण्याचे काम, करणाऱ्यांच्या नोंदणीचा सध्याचा कायदा १९९५ चा आहे; आपल्याकडे तसा कायदाच नाही, त्यामुळे सल्ला कुठे संपतो आणि वशिला कुठे सुरू होतो, हे कागदावर दिसत नाही.

उत्तर २ (निवृत्त सुभेदार, मोहोळ):
सर्वांना एकाच मापाने मोजू नये, एवढीच विनंती आहे. आमचे जवान चाळिशीच्या आतबाहेर घरी येतात, मुलांची शिक्षणे व्हायची असतात, आणि बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहणारा नाईक कोणावर प्रभाव टाकत नसतो. कर्नलसुद्धा ५४ व्या वर्षी निवृत्त होतात, त्यांनाही काम हवे असते. कापड पावसात कसे वागते, शिवण कुठे उसवते, हे त्यांनी सांगावे. त्या ज्ञानाचे पैसे घेण्यात गैर काहीच नाही. परंतु काल ज्या कनिष्ठाने आपल्याला सॅल्यूट केला, त्याच्याच टेबलापुढे आज कंपनीची फाईल घेऊन बसायचे, हे मला पटत नाही. तो कनिष्ठ 'नाही' म्हणणार कसा? २०१२ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांनी, ट्रकच्या खरेदीसाठी एका निवृत्त अधिकाऱ्याने आपल्याला १४ कोटींची लाच देऊ केल्याचा आरोप जाहीरपणे केला होता. ते वाचून आमच्या पलटणीतल्या जुन्या माणसांना फार लागले होते.

उत्तर ३ (कटिंग मास्टर, सोलापूर):
निविदा उघडेपर्यंत बरेच ठरून गेलेले असते. एका सरकारी खात्याच्या निविदेत कापडाच्या वजनाची मर्यादा इतकी अरुंद होती की आमचा तागा काट्यावर जेमतेम तीन ग्रॅमने जास्त भरला आणि नमुना बाद झाला. तेवढ्या मर्यादेत बसणारे कापड एकाच गिरणीकडे होते. मोठ्या खरेदीतही हेच घडू शकते. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी घ्यायच्या १२ हेलिकॉप्टरांच्या व्यवहारात उड्डाणाच्या उंचीची अट ६,००० मीटरवरून ४,५०० मीटरवर आणली गेली, २०१० मध्ये करार झाला, २०१४ मध्ये तो रद्द झाला आणि ती बदललेली अटच तपासाच्या केंद्रस्थानी आली. अटी लिहिण्यापासून माल येईपर्यंत अनेक वर्षे जातात, तेव्हा एका वर्षाच्या बंधनाने काय साधणार? ज्या खरेदीच्या अटी अधिकाऱ्याने स्वतः लिहिल्या, त्या खरेदीपुरती तरी त्याच्यावर कायमची बंदी हवी, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. काल साहेबांना फोन करून परवानगीचे पत्र मागितले आणि टक्केवारी देता येणार नाही, हेही सांगितले. पत्रासाठी अर्ज करतो म्हणाले. टक्केवारीबाबत काहीच बोलले नाहीत. सुभेदारसाहेब, आपण एकदा कारखान्यात येऊन आमची शिवण पाहाल का?