धडधाकट कोंबडी दुपारी अचानक पेंगायला लागली, आधी काय बघू?

पिसारा (दुपारी ३:४०)

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्याकडे ९ कोंबड्या आहेत, सगळ्या अंडी देणाऱ्या, वय साधारण दीड वर्ष. त्यातली एक तांबडी आहे, सगळ्यात चपळ, दार उघडलं की पहिली बाहेर पळणारी, ती आज दुपारपासून कोपऱ्यात पिसं फुगवून उभी आहे. डोळे अर्धे मिटलेले, शेपटी खाली पडलेली, आणि उभी राहते ती ढबच वेगळी वाटतेय, अंग एकदम सरळ उभं धरते आणि मधेच शेपटी वरखाली हलवते. सकाळी दाणे टाकले तेव्हा आली होती पण खरंच खाल्लं की नुसती चोच मारली ते मी बघितलं नाही. काल हिने अंडं दिलं की नाही तेही सांगता येणार नाही कारण सगळ्या एकाच घरट्यात घालतात. परवा मात्र खुराड्यात दांडीखाली एक कवच नसलेलं मऊ अंडं पडलेलं मिळालं होतं, कुणाचं ते कळलं नाही.

बाकीच्या ८ ठीक दिसतात. मागच्या वर्षीचं अँटिबायोटिकचं पाकीट घरात उरलंय, ते पाण्यात टाकून सगळ्यांना देऊ का? डॉक्टर उद्या सकाळीच भेटणार आहेत. प्लीज कुणीतरी सांगा, खूप जीव आहे माझा तिच्यात.

---

तांबडा_तुरा (दुपारी ३:५२)

ताई, पाकीट बाजूला ठेवा. आधी तिला बाकीच्यांपासून वेगळं करा, खोक्यात किंवा डालग्याखाली, सावलीत, शांत जागी, खाली कोरडं गवत आणि जवळ पाणी. आजारी पक्ष्याला बाकीच्या टोचतात, तेवढ्यानेसुद्धा ती खचते.

मग एवढं सांगा. श्वास कसा घेतेय, चोच उघडी ठेवून की बंद? तुरा लालच आहे की फिका किंवा निळसर झालाय? शी कशी आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेल्या दोन-तीन दिवसांत दुसरी कुठली मलूल दिसली का, एकूण अंडी कमी झाली का? एकटीच आजारी असेल तर गोष्ट वेगळी, दोन-तीन एकदम पडल्या तर पूर्ण वेगळी.

---

कोंबड्यांची_माई (दुपारी ४:१५)

पिसारा, घाबरू नकोस पण उशीरही करू नकोस. कोंबडी आजार लपवते गं. कळपात कमजोर दिसली की मार खाते, म्हणून अंगात ताकद आहे तोवर ती सगळ्यांबरोबर दाणे टिपल्यासारखं करते आणि आपल्याला वाटतं अचानक झालं. म्हणजे तुझ्या तांबडीचं आज दुपारी सुरू झालं असेल असं नाही, कालपासूनही असू शकतं, त्यामुळे "उद्या बघू" म्हणायला आपल्या हातात फारसा वेळ नसतो.

तिला उचल आणि मांडीवर घे, पंख अंगाशी धरून, उलटी अजिबात करू नको. आता हाताने तपासायचं. पहिलं छातीचं हाड. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर आजार नवा आहे, हाड सुरीसारखं हाताला लागलं तर ती बरेच दिवस कमी खातेय आणि आपल्याला पिसांमुळे कळलं नाही. मग क्रॉप, म्हणजे गळ्याखाली उजव्या अंगाला दाण्याची पिशवी असते ती. दिवसा थोडीफार भरलेली असणारच, पण दगडासारखी घट्ट लागली किंवा पाणी भरलेल्या फुग्यासारखी डुबडुब करून तोंडाला आंबूस वास आला तर दुखणं तिथे आहे. खात्री करायची तर रात्रभर दाणे काढून घ्यायचे आणि सकाळी पुन्हा हात लावायचा, निरोगी कोंबडीची पिशवी सकाळी रिकामी मिळते. पिशवी भरलेली आहे म्हणून लोक पक्षी उलटा धरून ओकवतात, ते कृपा करून करू नका, पाणी श्वासनळीत जाऊन हातातच मरते.

त्यानंतर पोट. दोन पायांच्या मध्ये मागच्या बाजूला हलक्या हाताने बघ, मऊ आहे की फुगलंय, फुगलं असेल तर आत पाणी हललेलं जाणवतं की अंड्यासारखा कडक गोळा लागतो. शेवटी मागची जागा, पिसं घाण झालीत का, काही बाहेर आलंय का, पिसांच्या मुळाशी उवा किंवा लिखांचे पुंजके आहेत का.

तू लिहिलंस उभी ताठ राहते आणि शेपटी हलवते, माझ्या मनात अंडं अडकल्याचंच येतंय, पण हात लावल्याशिवाय ठरवू नको.

आणि हो, खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली नाही ना? खुडूक कोंबडीही पिसं फुगवते, पण ती घरट्यात घट्ट बसून असते, हात नेला की गुरगुरते, चोच मारते आणि डोळे टक्क उघडे असतात. आजारी कोंबडीला एवढी चीड येत नाही.

---

पिसारा (दुपारी ४:५०)

माई, केलं सगळं. हात थरथरत होते पण केलं. छाती भरलेली आहे. क्रॉप जवळजवळ रिकामी, मऊ. पोटात मागच्या बाजूला मागच्या जागेच्या जरा आत एक कडक गोल लागतंय, लिंबाएवढं किंवा थोडं मोठं. तिथे हात लावल्यावर ती कण्हल्यासारखा आवाज करते. शी अगदी थोडीशी, पांढरी पातळ, मागची पिसं चिकटलीत. श्वास चोच बंद ठेवूनच पण जोरात. तुरा लाल आहे, फक्त टोकाला किंचित गडद वाटतो. बाकी कुणी मलूल नाही, पण अंडी मोजली तर या आठवड्यात रोज ६-७ ऐवजी ४-५ येतायत.

एक सांगायचं राहिलं, लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, महिन्याभरापूर्वी संपला तो मी परत आणलाच नाही, तेव्हापासून मका आणि गहूच चाललाय. ही माझीच चूक आहे का?

---

दाणापाणी (संध्याकाळी ५:०५)

ताई चूक-बरोबर नंतर बघू, अंडं अडकलंय असंच दिसतंय. आता लगेच करायच्या गोष्टी सांगतो.

टबात किंवा बादलीत कोमट पाणी घ्या, मनगटाला सोसेल इतकं, गरम नको. तिला पोटापर्यंत बुडेल असं २० ते ३० मिनिटं बसवा, पाणी थंड झालं की थोडं कोमट घालत राहा. सुरुवातीला धडपडेल, नंतर बऱ्याच जणी डोळे मिटून गप्प बसतात. बाहेर काढल्यावर नीट कोरडी करा, ओली ठेवली तर थंडीने अजून खचेल. मग मागच्या जागेला बाहेरून आणि अगदी कडेला आत थोडं साधं तेल किंवा व्हॅसलीन लावा, हात धुऊन, नख कापलेलं हवं. खोक्यात अंधार करा, उबदार ठेवा आणि एकटी सोडा. सारखं उघडून बघू नका. एक-दोन तासांत काही झालं नाही तर परत एकदा पाण्यात बसवा.

अंडं दाबून बाहेर काढायला जाऊ नका आणि आत फोडायचा तर विचारही नको. कवचाच्या कडा आतून कापतात, बलक-पांढरं पोटात राहिलं तर जंतू वाढतात आणि मग वाचवणं अवघड होतं.

कॅल्शियम द्या. घरात माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या असतात, पण किती द्यायचं ते डॉक्टरांना फोन लावून वजन सांगून विचारा, फोनवर सांगतात बरेच जण. पातळ औषध असेल तर चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडायचं, घशात ओतायचं नाही. कॅल्शियम का ते सांगतो. कोंबडीला एक अंडं तयार करायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले २० तासांच्या आसपास निव्वळ कवच चढण्यात जातात. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. दाण्यातून आलं नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. आणि अंडं बाहेर ढकलायला जे स्नायू आवळावे लागतात त्यांनाही कॅल्शियमच लागतं, ते कमी पडलं की कवचही धड होत नाही आणि कळाही येत नाहीत. परवाचं मऊ अंडं ही त्याचीच खूण असावी. लेयर मॅशमध्ये कॅल्शियम साडेतीन ते ४ टक्के असतं, मका-गव्हात नावापुरतं, एक टक्क्याच्या दहाव्या भागाएवढंही नसतं. महिनाभर हाडातून काढून काढून किती काढणार बिचारी.

हे चालू असताना ती चोच उघडून धापा टाकायला लागली, तुरा निळा पडला, किंवा मागून लाल मांस बाहेर आलं तर सकाळची वाट न बघता जो कुणी पशुवैद्य आत्ता सापडेल त्याच्याकडे न्या.

---

माळरान (संध्याकाळी ५:४०)

दाणापाणी यांनी लिहिलेलं बरोबर आहे, मी पुन्हा लिहीत नाही. पण त्या अँटिबायोटिकच्या पाकिटाबद्दल लिहायलाच हवं, कारण मी स्वतः हे भोगलंय.

माझ्याकडे २६ होत्या. एक दिवस दोन मलूल झाल्या, हिरवी पातळ शी. मला वाटलं पोट बिघडलं, उरलेलं पाकीट पाण्यात टाकलं आणि दोन दिवस वाट बघत बसलो. तिसऱ्या दिवशी सात जणी पडल्या, घशातून घरघर, एकीची मान पिळवटून पाठीवर गेलेली. मानमोडी होती, म्हणजे राणीखेत. तो व्हायरस, त्याला अँटिबायोटिक काय करणार. माझे दोन दिवस फुकट गेले आणि तेवढ्यात मी त्याच चपला घालून, तीच पाण्याची भांडी फिरवून तो दुसऱ्या खुराड्यात स्वतः नेला. १९ गेल्या. तलंगा तर सगळ्याच गेल्या, अजून पहिलं अंडंही दिलं नव्हतं. लसीचा पुढचा डोस मी लांबणीवर टाकला होता, हे अजूनही मनातून जात नाही.

म्हणून सांगतो, एकटी आजारी असेल तर तिला तपासा. पण दोन दिवसांत दोन-तीन एकदम पडल्या, किंवा रात्री ठीक होत्या आणि सकाळी मेलेल्या मिळाल्या, तोंड सुजलं, तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) जांभळे झाले, मान वाकडी, अंडी एकदम निम्म्यावर आली, तर घरगुती उपाय बंद आणि लगेच सरकारी पशुवैद्यकाला कळवायचं. बर्ड फ्लू असाच दिसू शकतो आणि तो माणसालाही होऊ शकतो. मेलेली कोंबडी उघड्या हाताने धरायची नाही, कापून बघायची नाही, उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही, विकायची तर नाहीच. तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि डॉक्टर सांगतील तसं. त्यांना तपासणीला पक्षी लागला तर ताजा हवा, दुहेरी पिशवीत थंड ठेवलेला, बर्फात गोठवलेला नको.

मान वाकडी आणि मान लुळी यातही फरक असतो. राणीखेतमध्ये ती पिळवटते. दोरीसारखी लुळी पडून जमिनीला टेकली तर कुठेतरी सडलेलं किंवा मेलेल्या प्राण्यावरचे किडे खाल्लेत का ते शोधा, त्या विषबाधेत असं होतं.

पिसारा ताई, तुमचं हे नाही असं मलाही वाटतं. पण तांबडीला हात लावल्यावर हात-पाय धुऊन मगच बाकीच्यांकडे जा, आणि खाणं-पाणी आधी निरोगींना, शेवटी तिला.

---

पिसारा (रात्री ११:२०)

अंडं आलं!!! दुसऱ्यांदा पाण्यात बसवल्यावर पाऊण तासाने. मी खोक्याला कान लावून बसले होते, अगदी बारीक आवाज आला. कवच खडबडीत, मधे वळ उठल्यासारखं, आणि एका बाजूला इतकं पातळ की बोट लावलं तर दबलं. ती दमलीय पण डोळे उघडे आहेत, दोन घोट पाणी प्यायली. डॉक्टरांशी फोनवर बोलले, त्यांनी सांगितलं तेवढंच कॅल्शियम दिलंय, सकाळी दाखवायला नेणारच आहे. पाकीट उघडलं नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

दोन प्रश्न आहेत. तिला परत कधी सोडू? आणि बाकीच्यांना आत्तापासून काय देऊ, की त्यांचंही असंच होईल?

---

कोंबड्यांची_माई (रात्री ११:४५)

बरं वाटलं गं वाचून. निदान दोन-तीन दिवस वेगळीच ठेव, नीट खायला लागली, शी व्यवस्थित झाली, मागची जागा सुजलेली नाही हे बघून मग सोड, तेही संध्याकाळी दांडीवर चढायच्या वेळी, म्हणजे भांडणं कमी होतात. खोक्यात उजेड थोडे दिवस कमीच ठेव, त्याने अंडं घालणं जरा थांबतं आणि तिला विश्रांती मिळते. परत पोट फुगलं आणि यावेळी कडक गोळा न लागता पाणी भरल्यासारखं मऊ लागलं तर लगेच दाखव. माझी एक अशीच गेली, अंडं अडकलंय समजून मी दोन दिवस पाण्यात बसवत राहिले आणि आत बलक पोटात सुटून सगळं सडलं होतं, ते नंतर डॉक्टरांनी उघडून दाखवलं.

---

दाणापाणी (सकाळी ६:३०)

बाकीच्यांना लेयर मॅश उद्यापासूनच, मका मूठभर वरून चालेल, मुख्य खाणं तो नको, नुसत्या मक्याने लिव्हरवर चरबीही चढते. शिंपल्याचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, मॅशमध्ये मिसळू नका, जिला हवा ती तेवढा खाते. बारीक पूड पटकन निघून जाते, जाड तुकडे गिझार्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटातल्या पिशवीत, हळूहळू झिजतात आणि कवच बहुतेक रात्रीच चढतं तेव्हा उपयोगी पडतात. उन्हात फिरू द्या, ड जीवनसत्त्वाशिवाय ते कॅल्शियम अंगी लागत नाही. आणि एखादी पायावर उभीच राहत नाही, आडवी पडलीय पण डोळे तरतरीत आहेत, अशी दिसली तर तीही याच कमतरतेची असू शकते, लकवा समजून सोडून देऊ नका.

---

पिसारा (सकाळी १०:१०)

डॉक्टरांकडून आले. आत दुसरं अंडं नाही, सूज थोडी आहे, पाच दिवस कॅल्शियम चालू ठेवायला सांगितलंय. येताना मॅश आणि शिंपले आणले. भांडं ठेवून मागे वळले तोवर चार जणी त्यावर तुटून पडल्या होत्या, तांबडी खोक्यातून ओरडतेय.